नाकावरचा फेस

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांचा उजवा हात अजून तसाच आहे, बोलणंही बंदच, पण जेवण बरं आहे. डावा हात चांगला चालतो. काल तर हिच्या हातातला चमचाच हिसकावून घेतला!

काळजी वेगळीच आहे. त्यांची दाढी आता मी करतो. दोनदा केली आणि दोन्ही वेळा गळाभर लाल पुरळ उठलं. अगदी गुळगुळीत व्हावी म्हणून एकेका जागेवरून पुन्हा पुन्हा पातं फिरवलं, वर ते झोंबणारं लोशन चोपडलं. आगीतून फुफाट्यात! आता मी वाटी घेऊन आलो की ते भिंतीकडे तोंड करतात. शेजारचे काका आले तर चादर नाकापर्यंत ओढून घेतली. जन्मभर तिकीटखिडकीत बसलेला हा माणूस, अंगात ताप असला तरी दाढी केल्याशिवाय कामावर गेला नाही.

ही म्हणते, आता दाढी वाढू द्यावी. मलाही तेच बरं वाटायला लागलंय. पण खरं सांगू? त्यांना माझा हातच नकोसा झालाय असं वाटतं. ते फार लागतं गं.

रागावलीस तरी चालेल, लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. अरे सुतारा, लाकडाच्या रेषा बघितल्याशिवाय तू रंधा लावत नाहीस, आणि बापाच्या गळ्यावर डोळे मिटून पातं चालवलंस? बाबांचे गळ्यावरचे केस खालून वर वाढतात. तू स्वतःसारखंच समजून वरून खाली ओढत असणार.

तुला तरी कसं ठाऊक असणार म्हणा! उन्हं अंगावर येईपर्यंत तू घोरत पडायचास. आरसा धरायला मी असायची. आरशाचा खिळा निघाला होता आणि तो ठोकायचं बाबांनी कधी मनावर घेतलं नाही. आता वाटतं, मुद्दामच.

आधी पुरळ पूर्ण बसू दे, तोवर पात्याला शिवू नकोस. मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालांवर ठेव, केस मऊ होऊ देत. ब्रशनं भरपूर फेस कर. पातं नवं घे आणि दाबू नकोस. जिकडे केस वळतात तिकडेच ने, गालावर खाली, गळ्यावर वर. थोडे खुंट राहिले तर राहू देत, त्यांना काही बोहल्यावर चढायचं नाहीये. शेवटी गार पाणी, आणि टॉवेलनं नुसतं टिपायचं. ते लोशन फेकून दे, साधं बिनवासाचं क्रीम लाव.

दाढी झाली की बाबा उरलेला फेस बोटावर घेऊन माझ्या नाकाला लावायचे. मी तो न पुसता शाळेला निघायची आणि आई फाटकापर्यंत मागे धावायची. इथे वसतिगृहात पहाटे मुलींना उठवताना अजून तो साबणाचा वास येतो रे.

हात नकोसा झालाय म्हणे! वेड्या, आग नकोशी झालीय. मुलींच्या परीक्षा संपेपर्यंत मला हलता येत नाही. तोवर बाबांचे गाल तुझ्या हवाली.

माया आहेच, पण हात हलका ठेव.

तुझी,
ताई

२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुरळ बसलं आणि काल दाढी केली. आरसा हिनं धरला. टॉवेल ठेवला तसे बाबांनी सुखानं डोळे मिटले. आधी बोटांनी चाचपून बघितलं. गळ्यावर खरंच उलटी वाढ! पन्नाशी आली माझी, पण बापाच्या गळ्यावरून कधी हात फिरवला नव्हता. पातं वर नेलं तर त्यांनी आपण होऊन हनुवटी उचलली. माझे डोळे भरून आले. ही म्हणाली, आधी डोळे पुसा, नाहीतर कापाल.

आज सकाळपर्यंत एक ठिपका उठलेला नाही. काका आले तेव्हा चादर कमरेशीच होती.

पण सांगायचं ते वेगळंच. वाटी उचलायला गेलो तर बाबांनी ती डाव्या हातानं धरली, फेसात बोट बुडवलं आणि माझ्या नाकाला लावलं. ताई, जन्मात पहिल्यांदा! मी तसाच कामावर गेलो. सगळे हसले, हसू देत.

मी निघाल्यावर त्यांनी पुन्हा बोट बुडवलं म्हणे आणि दाराकडे बघत बसले. हिनं गमतीनं नाक पुढे केलं तर मान हलवून नाही म्हणाले. फेस वाळला तरी बोट खाली घेतलं नाही.

परीक्षा संपल्या की निघ. आरशाचा खिळा मी अजून ठोकलेला नाही, आणि ठोकणारही नाही.

पत्रातून पुष्कळ लोभ केलास, आता समोर येऊन कर.

तुझा,
धाकटा