ग्रंथपालांना विचारा

१ ऑक्टोबर २००७, सोमवार
भोपाळला पोचले. क्वार्टर टाउनशिपच्या टोकाला, दोन खोल्यांचं, पण मागे गॅलरी आहे. सामान उतरतं न उतरतं तोच शेजारच्या बाईंनी जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे आणून दिले. दुपारी कारखान्याचं तांत्रिक ग्रंथालय पाहिलं. सहा संगणक, दिवसभर इंटरनेट, खिडक्यांतून भरपूर उजेड! मदतीला शकुंतला आहे. ती ग्वाल्हेरच्या मराठी घरातली, बोलणं अर्धं हिंदी. मला बघून म्हणाली, ‘अच्छा झालं मॅडम, दोन साल कुर्सी खाली पडली होती.’ खाली म्हणजे रिकामी, हे क्षणभराने कळलं. बदली मागून घेतली ते बरंच केलं. इथे मला कुणी ओळखत नाही.

४ ऑक्टोबर
इंजिनिअरांचा पहिला वर्ग घेतला. पेटंट कुठे शोधायची, मानकांची सूची कशी चाळायची, बंद पडलेल्या संकेतस्थळांची जुनी पानं कुठे साठवलेली असतात, शब्द अवतरणचिन्हांत टाकले की काय फरक पडतो, हे सगळं दाखवलं. रसायनांच्या सुरक्षापत्रकांचा साठा तर त्यांना फारच आवडला. मूळ इंदूरच्या, इथल्या वार्निश शेडमधल्या रमेश खांडेकरने भराभर टिपून घेतलं. तीन ठिकाणी पाहिल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका, असं मी त्यांना बजावलं. आणि लगेच दुसरा विषय काढला.
ग्रंथालयाच्या पानावर ‘ग्रंथपालांना विचारा’ असा रकाना सुरू केला. प्रश्न लिहायचा, उत्तर माझ्याकडून जाईल.

९ ऑक्टोबर
दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एक प्रश्न आला. नाव नाही.
‘वार्निशची टाकी आतून नव्या थिनरने पुसायची आहे. आत उतरलं तर धोका आहे का? जेवणाच्या सुट्टीनंतर उतरतो.’
मी तो पुसून टाकला. जेवले नाही.

१० ऑक्टोबर
त्याच वेळी तोच प्रश्न. शब्द न् शब्द तोच.
हे शब्द सुभाष पाटणकरचे आहेत. आधीच्या कारखान्यात, चार वर्षांपूर्वी, त्याने मला ईमेलने विचारलं होतं. मला दीडची बस गाठायची होती. मी एकाच ठिकाणी शोधलं, तेही घाईत, आणि ‘काही आढळले नाही’ असं कळवून निघाले. तो उतरला. माणसं टाकीपर्यंत पोचेस्तोवर संपलं होतं. चौकशीत मला विचारलं, तेव्हा त्याचा प्रश्न आलाच नव्हता असं मी सांगितलं. ईमेल आधीच पुसून टाकली होती. सुभाषनेच हयगय केली, असं ठरलं. त्याची बायको समोर बसून ऐकत होती.
हे मी आज प्रथमच लिहिते आहे.

११ ऑक्टोबर
प्रश्न चौथ्या संगणकावरून येतो. तिथे कुणीच बसत नाही, असं मी शकुंतलेला म्हटलं. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. ते साहेब रोज सुट्टीत येऊन बसतात, म्हणाली. पँटला वार्निश लागलेलं असतं. जाताना अदबीने विचारतात, मॅडमना उत्तर मिळालं का?
खुर्चीपाशी गेले. थिनरचा गोडसर वास.

१२ ऑक्टोबर
आज शोधलं. नीट. अकरा मिनिटं लागली. तिसऱ्या ठिकाणी सरळ लिहिलेलं होतं — हवा खेळती नसेल तर आत उतरू नये, काही श्वासांत बेशुद्धी, मग मृत्यू. नोंद सुभाषच्या प्रश्नाच्या दोन वर्षं आधीची. अकरा मिनिटं फक्त.
सगळं लिहून उत्तर पाठवलं. पाठवलेल्या उत्तरांत पाहिलं तर तिथे माझ्या नावाने एकच ओळ — ‘काही आढळले नाही.’
पुन्हा पाठवलं. पुन्हा तीच ओळ. सात वेळा.

१५ ऑक्टोबर, सोमवार, दुपारी १.२०
रमेशचा फोन. आभार मानायला. त्यांच्या शेडमध्ये आज वार्निशची टाकी साफ करायची आहे, मी ‘काही आढळले नाही’ कळवलं म्हणून आता निश्चिंतपणे उतरतो, असं म्हणाला. मी त्याला काही कळवलेलं नाही. त्याचा प्रश्न माझ्याकडे आलाच — नाही, हेच मी तेव्हाही म्हटलं होतं.
‘उतरू नकोस,’ मी ओरडले. तो म्हणाला, ‘हो मॅडम, थँक यू, तुम्ही सांगितलं तर आता फिकर नाही.’ फोन ठेवला.
उचलत नाही. जाते —

२.०५
शेडमध्ये आहे. वेळेवर पोचले. रमेशचा एक पाय शिडीवर होता. दंडाला धरून ओढला. ऐकेना. माझं उत्तर खिशातून काढून दाखवायला लागला. मग सगळ्यांसमोर सांगितलं — सुभाष, बस, ईमेल, चौकशी. रमेश पायरीवर बसला. मग म्हणाला, ‘त्यांच्या घरी माहीत आहे?’
नाही.
आता तो सगळ्यांना घेऊन सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेलाय. मला दाराजवळच्या बाकावर बसवून.

२.१५
सुभाषच्या बायकोला पत्र लिहायचं. आजच. याच वहीत सुरुवात —

आतून कुणीतरी ठोकतंय. टाकीच्या.
रमेशची माणसं सगळी बाहेर आहेत. मी मोजली होती.

अदबीने विचारतोय. मॅडम, उत्तर मिळालं का?
मी इथूनच सांगितलं, मिळालं. मोठ्याने. ऐकू आलं नाही म्हणतो.

शिडीपाशी आलेय. वास गोड. उतरायचं नाही, मला माहीत आहे — फक्त वाकून सांगते. एवढं तर त्याला — सुभाष, मिळालं, तिसऱ्या ठिकाणी, वर ये, तू वर