आमसुलाने घासलेला चेहरा

२ नोव्हेंबर
सुटले एकदाची केळशीच्या माहेराहून! लग्नानंतर इतक्या दिवसांनी नवऱ्याजवळ राहायला आले. विनीत रत्नागिरीबाहेरच्या ख्रिस्ती तीर्थस्थानाचा रखवालदार. टेकडीच्या पायथ्याशी आमची खोली, आणि वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या कडेने संगमरवरी पुतळे, येशूच्या क्रुसाच्या वाटेवरचे प्रसंग. पडवीतून समुद्र दिसतो, सासूबाई गुहागरला आहेत. आणखी काय हवं?

५ नोव्हेंबर
विनीत रोज पुतळे पुसतो. साधं पाणी, मऊ फडकं. आंबट लागलं की संगमरवर झिजतो, असं बजावलंय मला. बाकीच्यांना नुसता हात फिरवतो, पण येशूसाठी रडणाऱ्या त्या बाईपाशी मात्र हा रमतो. गाल, पापण्या, मान, सगळं हळूहळू. माझ्या मानेवर तीळ आहे, हे तरी ठाऊक आहे का याला?

९ नोव्हेंबर
नवी साडी नेसले होते. त्याने वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. जेवताना म्हणाला, तिच्या डाव्या गालावर सकाळचं ऊन फार छान पडतं. घास कडू झाला. हो, दगडाच्या बाईवर जळते मी. जळणारच.

१० नोव्हेंबर
तो बाजारात गेला. देवाची पितळी भांडी घासायला आमसुलं भिजवली होती, ती घेऊन वर गेले आणि तिचं तोंड खसाखसा घासलं. चकाकी गेली, नाकडोळे पुसट झाले. फार बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
विनीत रागावलाच नाही. उलट म्हणाला, आता ती ओळखीची वाटते. न राहवून पाहून आले. नाकडोळे पुन्हा उमटलेत, पण पहिले नाहीत. मानेवर तीळ आहे.

१३ नोव्हेंबर
आरशात माझी मान कोरी. गाल खरखरीत. नाक कुठे संपतं ते कळत नाही. विनीतने एकट्यापुरतं वाढून घेतलं. मी समोरच बसले होते.

१४ नोव्हेंबर
हाका मारते आहे. ऐकू जात नाही त्याला — हात धरला तर नुसता झटकला, माशी बसल्यासारखा —

संध्याकाळ. पायऱ्यांवर पावलं. एक त्याचं. दुसरं जड, दगडावर दगड —

दाराशी थांबलेत. किती मायेने बोलतोय. माझ्याशी असा कधीच —

"योगिनी, ये गो आत. दमलीस काय?"

मी आत आहे, विनीत. ती नव्हे. मीच यो