खुर्चीवर बसून वाजवणारे

१४ नोव्हेंबर १९५७, गुरुवार. वर्धा
रेडिओच्या वर्गातला सेट बोलला. चार दिवस नुसती खरखर होती. देव सर म्हणत होते व्हॉल्व्ह बदला. मी म्हटलं, आधी जोड तपासते. सातही मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. दोष एका कच्च्या डाखात निघाला. नवा डाख दिला, खरखर गेली. हायसं वाटलं. चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.
सायं. ६.१०, शॉर्ट वेव्ह, ३१ मीटर: कुठल्या तरी देशातला नाचाचा बँड. भाषा कळली नाही. पितळी वाद्यं तीन किंवा चार. मधेच एक क्लॅरिनेट एकटं पुढे आलं, एकच सूर लांबवर धरला. मग स्टेशन गेलं.
हुबेहूब माझ्या वडिलांची, दादांची सनई. हुबेहूब नाही. जवळची.

१५ नोव्हें.
सरांचं म्हणणं: स्पीकर पारखायचा तर बातम्या उपयोगाच्या नाहीत. तऱ्हेतऱ्हेचं संगीत लावा, म्हणजे खालचा-वरचा सूर दोन्ही कळतात. म्हणून नवी वही केली; कालचा बँड पहिल्या ओळीत. रकाने: वेळ, मीटर, कोण वाजवतं, वाद्यं, आवाज. मुलं सिनेमाची गाणी शोधतात. मी माहीत नसलेलं शोधते.
आज दोन. (१) ४१ मी., कव्वाली पार्टी, टाळ्या फार स्वच्छ. (२) २५ मी., नुसते ढोल आणि माणसांचे आवाज, एकही सूरवाद्य नाही. देश? स्पीकरची जाळी थरथरली. दुसरं जास्त आवडलं. त्यासाठी रकाना नाही.

१७ नोव्हें., रवि.
स्टेशन रोडवर एका टपरीमागे लग्नाच्या बँडची तालीम चालते. रस्त्याच्या पलीकडे पाऊण तास उभी राहिले. दुसरं क्लॅरिनेट सतत किंचित उतरतं. वाजवणाऱ्याला कळत नाही. वहीत मीटरच्या रकान्यात ‘पायी’ लिहिलं.
बोरगावला परतले तर आत्याला आधीच खबर. (मी हिच्याकडे राहते, हिला सगळी खबर असते.)
“काऊन वं कमल, लोकायच्या लग्नाच्या बँडमागं फिरून राह्यली? आपन वाजवनं सोडलं ना?”
“वाजवणं सोडलं. ऐकणं नाही.”
“हो, वकीलच हायस तू.”
गेल्या वर्षी धम्माची दीक्षा घेतल्यावर नाचणगावात आमच्या वस्तीनं ठराव केला: पाटलाच्या दारात डफडं-सनई बंद. पिढ्यान्‌पिढ्या उन्हात, बाहेर, उभ्यानं वाजवलं; पंगती उठल्यावर उरलेलं घेतलं. ठराव बरोबर आहे. दादांनी त्या दिवसापासून सनईला हात लावलेला नाही. तेही बरोबर असेल.
शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

२१ नोव्हें.
परीक्षा ४ डिसेंबरला. प्रत्येकानं बनवलेला अँप्लिफायर परीक्षकांपुढे चालवून दाखवायचा. सर म्हणाले, तोंडाशी फुंकायची पत्ती असते तशा वाद्याचा सूर घ्या. आवाज जरा फाटला तरी लगेच उघडा पडतो. मी म्हटलं, आमच्या घरी सनई आहे. सरांनाच फुंकून पाहायची आहे.
कारण खरं आहे. पूर्ण नाही.

२४ नोव्हें., रवि. नाचणगाव
दादांना सांगितलं. फक्त परीक्षेचं. त्यांनी फळीवरून आईच्या जुन्या लुगड्याचं गाठोडं काढलं. आत सनई. तेल लावलेली.
वर्षभर हात न लावलेल्या लाकडाला ताजं तेल कसं, हे विचारलं नाही.
“ने. पत्ती वाळली असंन, पान्यात ठेवजो.”
पिशवी आखूड. सनईचं पितळी तोंड वर राहिलं. टॉवेल गुंडाळता आला असता. गाडीची घाई, नाही गुंडाळला. पुलगाव स्टेशनवर आमच्या वस्तीतले शामरावकाका भेटले. पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “जा, जा,” एवढंच म्हणाले.

२८ नोव्हें.
दादांचं कार्ड. तीन ओळी, त्यांच्याच हातच्या, शब्द सुटे सुटे: पाटलाच्या मुलीचं लग्न ५ तारखेला आहे. वस्तीत बोललं जातं की मी सनई दुरुस्तीला वर्ध्याला पाठवली, लग्नात वाजवणार. रविवारी पंच बसतील. तू येऊ नको.
लग्नाचं मला माहीत नव्हतं. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तर कुणालाही तसंच वाटेल. मलाही वाटलं असतं.
पंचांनी ठराव मोडला असं धरलं तर दादांच्या घरी वस्तीचं येणं-जाणं बंद. ज्या माणसानं पाटलाला पहिला नकार दिला, त्याच्या.
टॉवेल. दोन हात लांबीचा टॉवेल.

२९ नोव्हें.
सेट लावला नाही. मुलांनी विचारलं. डोकं दुखतं म्हटलं. आत्या म्हणाली, “बापानं नको म्हटलं ना? मंग नको जाऊ.” थोड्या वेळानं: “पहिल्या गाडीनं जाजो. भाकरी बांधून देतो.”

१ डिसेंबर, रवि.
गाडीत लिहिते आहे, परतीच्या. जसं घडलं तसं, क्रमानं.
विहाराच्या ओट्यावर सगळे. दादा एका कडेला, पाय जवळ घेऊन. मला पाहून मान खाली घातली. मी सनई पिशवीतून काढून मधे सतरंजीवर ठेवली.
शामरावकाका: “आता काऊन उघडी दाखवून राह्यली? तवा लपवून नेली!”
“लपवली असती तर तुम्हाला दिसली नसती, काका.”
बायका हसल्या. काकांना राग आला. बोलायला नको होतं, पण खरं होतं.
परीक्षेचं सांगितलं. अँप्लिफायर कुणाला कळला नाही. डोमाजीबाबा, सगळ्यांत वयस्क पंच, म्हणाले, “कागुद हाय काय काही?” कागद कसला असणार. ऐकलेल्याची वही होती. ती पुढे केली.
“वाच.”
वाचली. १४ तारखेपासून. वेळ, मीटर, वाद्यं. नाचाचा बँड. कव्वाली. ढोल. २३ तारखेचा बारा व्हायोलिनांचा ताफा. वाचताना माझा आवाज मला कोरडा वाटत होता. कोणी उठलं नाही. सखूबाई म्हणाली, “त्या ढोलवाल्यायचं पुन्हा वाच वं.” वाचलं.
मग डोमाजीबाबांनी विचारलं, “हे क्लारनेटवाले कोनाच्या दारात वाजवते?”
“कुणाच्याच नाही. मोठ्या खोलीत. सरांकडच्या मासिकात फोटो आहे. खुर्च्यांवर बसतात.”
“वाजवनारे?”
“हो. लोक तिकीट काढून समोर येतात.”
“खुर्चीवर बसून वाजवते,” ते शेजारच्याला म्हणाले. त्यानं पुढच्याला सांगितलं. ओट्याच्या टोकापर्यंत ते वाक्य गेलं. दादांपर्यंत गेलं.
शामरावकाका: “मंग आपला ठराव?”
डोमाजीबाबा: “ठराव दारात उभं न राहाचा होता, शाम्या. लाकडावर आपला काही राग नाई.” आणि मला: “पोरी, परीक्षा दे. पन पाच तारखेपर्यंत हे गावात आनू नको.”
एवढंच. काकांनीच सनई उचलून माझ्या हातात दिली. टॉवेल गुंडाळून. टॉवेल त्यांचा.
दादा स्टेशनापर्यंत आले. गाडी हलल्यावर म्हणाले, “नको ये म्हटलं होतं ना तुले.”
अक्षर वाकडंतिकडं. गाडीमुळे असेल.

२ डिसें.
नऊ तास झोपले. आत्यानं उठवलं नाही. काकांचा टॉवेल धुऊन वाळत घातला.

४ डिसें.
पास. सरांनी सनई फुंकली, भयंकर वाजवली, पण स्पीकरमधला आवाज फाटला नाही. परीक्षकांनी दोनदा विचारलं, जोडणी कुणी करून दिली? सर म्हणाले, “हिनंच. माझा व्हॉल्व्हसुद्धा हिनं वाचवला.”
संध्याकाळी ३१ मीटर. तोच बँड! पूर्ण अकरा मिनिटं. क्लॅरिनेटवाला एका जागी श्वास चुकवतो आणि तरी सावरतो.

८ डिसें., रवि.
बोरगावातल्या पोरांनी गायन पार्टी काढली आहे. पेटी, ढोलकी, बुलबुलतरंग. विहारासाठी स्वतःची गाणी. नवीन आहे, वहीत नोंद केली. म्होरक्या सूर्यभान गणवीर, रेल्वेत फिटर. माझा अँप्लिफायर मागायला आला आणि सनई पाहिली.
“वाजवनारा कोन?”
“माझे वडील. आता वाजवत नाहीत.”
“आमच्याकडं दार नाई, बाई. स्टेज हाय. खुर्ची मांडू.”
म्हणजे नाचणगावची गोष्ट इथवर आली. आत्या दुसरीकडे पाहत होती.
दादांना कार्ड टाकलं. फक्त माहिती: पार्टी, वाद्यं, स्टेज. माझं मत लिहिलं नाही.

२२ डिसें., रवि.
दादा आले. “तुहं यंत्र पाहाले आलो,” म्हणाले. वर्ग रिकामा, किल्ली माझ्याकडे. ३१ मीटर लावलं. बँड लागला. क्लॅरिनेट आलं तेव्हा ते पुढे झुकले.
“इथं दम तुटते त्याचा.”
“हो.”
“नाकानं घ्याले पायजे.”
सेट बंद केला, माझा अँप्लिफायर आणि माइक जोडला. मग त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली. आत तंबाखू नव्हती. दोन पत्त्या, नव्या, ओल्या फडक्यात. मी सनई काढून दिली. स्टुलाकडे हात केला. त्यांनी सरांची खुर्ची ओढली.
“चालू हाय काय तुहं?”
“व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं.”
“मंग तू तिकडं तोंड कर. लिही काही. माह्याकडं पाहू नको.”
म्हणून लिहिते आहे, भिंतीकडे तोंड करून. मागे खुर्ची एकदा करकरली. ते नीट टेकून बसले असावेत. स्पीकरमध्ये बारीक गुणगुण सुरू झाली, म्हणजे व्हॉल्व्ह तापले. माइकच्या अगदी जवळ कोणी तरी नाकानं दम घेतला