पहिल्या हाकेला ओ

सायलीच्या आजोबांस,

नवऱ्याचं नाव जन्मभर घेतलं न्हाय, आता कागदावर काय घालू? लिहायला बसलो कारण परवा दुपारी तुम्ही हाक मारलीत आणि मी ओ देऊन बसलो.

भाकरी थापत होतो. बाहेरच्या सोप्यातनं तुमचा आवाज आला, "अगं, बाहेर ये जरा." पिठाच्या हातानं "आलो, आलो" म्हणत गेलो, तर तिथं सायली कम्प्युटर लावून बसलेली. तुमच्या भुताच्या गोष्टींची, तुमच्याच आवाजातली जुनी कॅसेट तिनं त्यात भरलीय. नात तुमची पिच्चर काढतीय, हाकेच्या गोष्टीवर.

ती गोष्ट तरी तुमची होती का? माझी आई सांगायची, मेलेलं माणूस एकदाच हाक मारतं, म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची न्हाय. मी चुलीपुढं बोललो, तुम्ही दिवाळी अंकात छापून आणलंत. वर हाकसुद्धा मला मारायचात तीच घातलीत. दुसरी मिळाली न्हाय व्हय?

सायलीला म्हटलं, "आताच्या पिच्चरात केस सोडलेल्या बाया असत्यात, धूर असतो. तुझ्यात काय हाय?"

"एक दार आणि हाक. भूत दाखवायचं न्हाय, हे आजोबांचंच, आजी. पिच्चरातनं भीती घालणारे सगळे अजून आजोबांसारख्या जुन्या लिहिणाऱ्यांचंच खात्यात. कुणी गोष्ट उचलतं, कुणी नुसता धूर."

"आणि मी ओ दिली त्याचं काय?"

"म्हणजे जमलं की."

ती हसली. मला हसू येईना. माझं सोडा, माझी लाकडं गेलीत मसणात. पण पोरगी कानात बोंडं घालून दिवसभर तीच हाक मागंपुढं करून ऐकतीय. काल जेवायला हाक मारली, तर तंद्रीत म्हणाली, "आले आजोबा."

बोलावत तर मी होतो. मग ती ओ कुणाला दिली?

तुम्ही लिहून मोकळे. वाचणारा घाबरला की मिशीत हसायचात. गोष्टीतली सून पहिल्याच हाकेला ओ देती आणि तिथंच संपवलीत. पुढं तिचं काय झालं, विचारलं तर म्हणालात, "ते वाचणाऱ्यानं ठरवायचं." मला काल रात्री ठरवता आलं न्हाय. झोपही आली न्हाय.

पिच्चर सोड म्हणणार न्हाय. गगनबावड्याच्या धुक्यात भिजून, तापानं फणफणून शूटिंग केलंय तिनं. पण आजपास्नं कानातली बोंडं बंद. आवाज मोठा ठेवायचा आणि शेजारी मी, तांदूळ निवडत. हाक आली की तिच्या आधी ओ मी देणार, दर वेळी. हा शब्द माझा. तुम्हाला कुणाला न्यायचंच असलं, तर मला न्या, आणि वाटभर माझं ऐकून घ्यायची तयारी ठेवून या.

सायलीची आजी