मंजूर झालेलं पान

आप्पा,

आज साप्ताहिकाच्या कचेरीत नवं सॉफ्टवेअर निवडायची बैठक झाली. मजकूर कुणी लिहिला, कुणी तपासला, कुठलं पान कुणाकडं अडकलंय, हे पडद्यावर दाखवणारं. विकणारे हुबळीहून आले होते. ते समजावून सांगत होते आणि मला पहिल्या वेळची बैठक आठवत होती. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, मांडीवर वही घेऊन, एकेक पायरी लिहून घेत.

त्या वेळी आपल्यापुढं दोन सॉफ्टवेअरं होती. एकात मुद्रितशोधकाची वेगळी पायरी होती. तुम्ही वाचल्याशिवाय पान पुढं सरकणार नव्हतं. दुसऱ्यात मी मंजुरीचं बटण दाबलं की पान थेट छापखान्यात. तुम्ही विचारलंत, "आणि बटण दाबल्यावर चूक घावली तर?" विकणारा हसला. मीही हसले. वर मालकांना म्हणाले, "आप्पांना कॉम्प्युटर जमायचा नाही. त्यांच्यासाठी एक पायरी कशाला वाढवायची? त्यांना कागदावर प्रत देऊ." तुमच्यासमोर म्हणाले. तुम्ही वही मिटलीत.

आणि मला मुद्रितं वाचायला शिकवलं होतं ते तुम्हीच. पहिल्याच आठवड्यात एका आडनावाची वेलांटी माझ्या नजरेतून सुटली, तेव्हा तुम्ही कागद माझ्यापुढं ठेवलात. "बातमी लोकं सांजच्याला विसरत्यात गं. पर ज्याचं नाव चुकलं, त्यो तेवढा अंक जपून ठेवतोय." मला रडू आलं होतं. मग तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवलीत.

मी सुचवलेलंच सॉफ्टवेअर घेतलं. काम भराभर व्हायला लागलं, शाबासकी मला मिळाली. पाच-सहा महिने झाले असतील. एका दुपारी तुम्ही कागद घेऊन माझ्या टेबलाशी आलात. बोरगावची निधनवार्ता होती. वारला होता थोरला भाऊ; वारलेल्याच्या जागी नाव पडलं होतं धाकट्याचं, वार्ता दिलेल्याचं. तुम्ही त्याभोवती लाल गोल केला होता. मी कागद हातातही घेतला नाही. पान मी सकाळीच मंजूर केलं होतं. आता थांबवायचं तर छापखान्याला फोन करावा लागणार, आणि आधी दोनदा तसा फोन केल्यावर मालक म्हणाले होते, "मग सॉफ्टवेअर कशाला घेतलं?" मी म्हणाले, "पान गेलं आप्पा. राहू दे आता." तुम्ही कागदाची घडी घालून परत गेलात.

अंक निघाल्यावर तो धाकटा भाऊ स्वतःच कचेरीत आला. आवाज न चढवता बोलला. "माझी लेक निपाणीत दिलीया. पेपर बघून बसमधनं रडत आली. दारात मला बघून खालीच बसली." मालकांनी आपल्या दोघांना बोलावलं. "हे पान कुणी वाचलं होतं?"

तुम्ही म्हणालात, "म्या वाचलंतं. नजर चुकली."

मी टेबलाकडं बघत होते. जिन्यात तुम्हाला गाठलं, तर तुम्ही म्हणालात, "गप बस. तुला हितं अजून लई वर्षं काढायची हायत." सोमवारपासून तुम्ही आला नाहीत. येऊ नका म्हणून मालकांनीच सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं.

पिरनवाडीला तुमच्या घरी मी एकदाच आले. आक्कांनी चहा केला. तुम्ही माझ्या कामाची चौकशी केलीत, नवीन कोण आलंय ते विचारलंत. मी मनाशी ठरवून आले होते की माफी मागायची. चहा संपला, बस चुकेल म्हणून उठले. पुढच्या खेपेला बोलू, असं म्हणत राहिले आणि पुढची खेप तुमच्या दिवसकार्याला झाली.

आज मी वाचनाची वेगळी पायरी असलेलं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. तेवढं तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच बहुतेक पुढचंही लिहवतंय. बैठकीत एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या एका पायरीसाठी एवढा हट्ट का?" मी बोरगावच्या त्या वार्तेची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग चूक कुणाची होती?"

तुमचं नाव मी घेतलं नाही, आप्पा. पण माझंही घेतलं नाही. म्हणाले, "तेव्हाचं सॉफ्टवेअरच तसं होतं."