छातीवरचं सँपल

आदरणीय साडूसाहेबांस,

धाकट्या साडूचा दोन्ही हात जोडून (आधी टर्पेंटाइनने, मग साबणाने धुऊन) नमस्कार. इकडे आम्ही उभयता ठणठणीत आहोत, आणि तुमची कंबरही एव्हाना सरळ झाली असेल अशी आशा करतो. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उंच स्टुलावर बसलं की कंबर धरणारच. त्यावर शिडी चढणं हा एकच उपाय आहे, पण तो तुम्ही करणार नाही हे मला ठाऊक आहे. ताईंना आम्हा दोघांचा नमस्कार सांगा. तुमच्या हॉलचा रंग कसा आहे हे मी विचारत नाही, कारण तो चांगलाच असणार, मी दिला आहे. पत्रास कारण आहे आणि ते साधंसुधं नाही, पण पहिल्याच पानावर सांगून टाकलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही (वर्तमानपत्रसुद्धा तुम्ही मथळ्यांपुरतंच वाचता असं ताई म्हणतात), म्हणून ते शेवटी ठेवलं आहे.

प्रकरण तुमच्या हॉलपासूनच सुरू होतं. त्या दिवशी उकाडा असा होता की भिंतीच्या आधी रंगारीच वाळायचा. मी शर्ट आणि बनियन काढून दाराच्या कडीला अडकवलं आणि छताला हात घातला. तेवढ्यात तुम्ही चहाचा ट्रे घेऊन आलात, मागे ताई, आणि त्यांच्या मागे आमची ही, म्हणजे तुमची मेहुणी. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, ब्रश कशाला आणलेत, नुसती छाती घासली असती भिंतीवर तरी दोन हात झाले असते. विनोद चांगला होता, मी नाही म्हणत नाही. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसायचं असतं, म्हणून मीही शिडीवरून हसलो. ताई हसल्या. पण आमची हीसुद्धा हसली, आणि ते मला लागलं. चहा मी तसाच गार केला, हे तुमच्या लक्षात आलं नसेल.

माझ्या अंगावर केस आहेत, साडूसाहेब. लपवण्यासारखी गोष्ट नाही, आणि लपवायची म्हटली तरी लपत नाही, कॉलरच्या वर येऊन चारचौघांत डोकावते. छाती, पाठ, खांदे, सगळीकडे एकसारखं काम झालं आहे, एक कोपरा सुटलेला नाही. (असं काम आजकाल कोणी करत नाही.) आमच्या वडिलांचंही असंच होतं, आणि ते उघड्या अंगाने दारात खुर्ची टाकून दाढी करत बसायचे तेव्हा येणारा-जाणारा त्यांना मान द्यायचा, हसायचा नाही. माझ्या हाताखालची माणसं मला 'गालिचाशेठ' म्हणतात आणि मी ऐटीत ओ देतो. लग्न उशिरा झालं, चाळिशी उलटल्यावर, पण ते या केसांमुळे नव्हे, ते मला शिडीवरून खाली उतरायला सवड नव्हती म्हणून. इतकी वर्षं मी हे अंग मिरवलं. आणि तुमच्या त्या एका वाक्यापासून जे बनियन अंगात घातलं ते काढलंच नाही. झोपतानाही नाही. आणि (तुम्ही वडीलधारे आहात, संसारी आहात, जास्त खोलात शिरायला लावू नका) तेव्हाही नाही.

त्यात भर म्हणजे ही दिवा घालवायची. अगदी नेमाने, पाठ टेकायच्या आधी बटणाकडे हात. मी मनाशी म्हटलं, झालं, हिला बघवत नाही. दिवसभर हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी बाई, येईल त्याला 'शर्ट काढा, श्वास धरा' म्हणणारी, गावभराच्या उघड्या छात्या बघून कंटाळत नाही आणि घरच्या एकट्या माणसाला बनियनमध्ये बघून एका शब्दाने विचारत नाही, याचा दुसरा काय अर्थ होतो? संसार चांगला चालला होता, भांडण नाही, तंटा नाही, पण अंधारात दोन माणसं एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागत होती. मला त्याचं वाईट वाटायचं, ते स्पष्टच लिहितो. आणि अशात माझ्या वाढदिवसाला तुमच्याकडून तो ट्रिमर आला, चार कंगव्यांचा, चार्जिंगवाला, वर चिठ्ठी, 'मोठ्या कामासाठी'. तुमचा हेतू चांगला होता असं ताईंनी फोनवर निक्षून सांगितलं.

आता माझी कामाची रीत तुम्हाला माहीत आहे. सँपल मंजूर झाल्याशिवाय मी आख्ख्या भिंतीला हात लावत नाही. भिंतीवर मास्किंग टेपने वीतभर चौकोन आखायचा, तेवढाच रंगवायचा, वाळू द्यायचा, गिऱ्हाइकाने सकाळच्या उजेडात बघायचं, दिव्यात बघायचं, तोंडाने 'चालेल' म्हणायचं, मग पुढचं. या रीतीमुळे 'असा रंग नव्हता सांगितला' हे वाक्य मला आजवर कोणी ऐकवलेलं नाही. (तुम्ही ऐकवलंत, पण तुम्ही चष्मा न लावता सँपल पाहिलं होतंत, आणि तेही चष्म्याचं दुकान असून.) तेव्हा अंगाच्या बाबतीत मी रीत का मोडू? न्हाणीघरात गेलो, कडी लावली, बनियन काढलं आणि छातीच्या उजव्या बाजूला टेपने झकास चौकोन आखला. कोपरे काटकोनात. मग ट्रिमर चालवला. आत स्वच्छ, गोरं, नितळ कातडं निघालं, भिंतीवरून जुनं कॅलेंडर काढल्यावर निघतं तसं. इथवर काम नामी झालं. पुढचं मात्र मला आधी सुचायला हवं होतं. टेप भिंतीवरून ओढली की भिंत ओरडत नाही.

मी ओरडलो. टेपबरोबर कडेचे केस मुळासकट आले, आणि माझा आवाज ऐकून ही दार वाजवू लागली. उघडलं नसतं तर शेजारी आले असते, म्हणून उघडलं. टॉवेल कमरेला, टेप हातात, डोळ्यांत पाणी, आणि छातीवर चौकोन. वर न्हाणीघराचा तो पांढराशुभ्र दिवा, ज्यात कुणाचंच काही झाकलं जात नाही. मी सगळा धीर एकवटून म्हटलं, सँपल आहे, बघून सांग, पसंत असेल तर बाकीचं करतो. तिने चष्मा आणला. लावला. जवळ येऊन वाकून पाहिलं, अगदी ड्यूटीवर असल्यासारखं, आणि सवयीने म्हणाली, श्वास धरा. मीही धरला. मग म्हणाली, उद्या उजेडात बघून सांगते. आणि डबा घेऊन कामाला निघून गेली.

साडूसाहेब, तीस वर्षं मी हे वाक्य गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकत आलो, पण ते ऐकणाऱ्याची रात्र कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी तिने उजेडात पाहिलं आणि म्हणाली, पूर्ण उडवण्याऐवजी बारीक केलेलं एखादं दाखवता येईल का? दाखवलं, डाव्या बाजूला, मधल्या कंगव्याने (या वेळी टेप न लावता, नुसत्या नजरेने). त्यावर म्हणाली, आता थोडं वाढल्यावर कसं दिसतं ते बघू, घाई कसली आहे. घाई मला होती. नवे खुंट बनियनला असे अडकायला लागले की हात वर केला की छातीवरून खर्रकन आवाज यायचा, आणि माझं सगळं काम हात वर करूनच असतं. आमचे पुट्टीवाले मामा, जे कोणाच्या अध्यातमध्यात नसतात, तेसुद्धा म्हणाले की शेठ, तुम्हाला कुठेतरी किडा चावतोय. मी त्यांना काय सांगणार, की घरी पसंती अडली आहे?

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हे बघ, मी कोणत्याही गिऱ्हाइकाचं इतकं ऐकून घेत नाही. पसंत नसेल तर तोंडावर सांग, सगळा गालिचा गुंडाळून टाकतो, पण मला असं टांगून ठेवू नकोस. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी बाजूला ठेवली, उठून माझ्या कामाच्या पिशवीतून टेपचं रीळ काढलं आणि आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. थोड्या वेळाने बाहेर आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. नडगीवर टेपचा चौकोन. चौकोनाबाहेर पाय गुळगुळीत, आणि आत केस, चांगले काळेभोर, बऱ्याच दिवसांचे. तुझं सँपल झालं, म्हणाली, आता हे माझं. हे वाढेपर्यंत तुला उगीच थांबवून ठेवलं होतं.

मग सगळं बाहेर आलं. बाईसाहेब लग्न झाल्यापासून मी उठायच्या आत उठून पाय, हात, ओठावरचं, सगळं साफ करत होत्या, दर खेपेला कापून घेत होत्या आणि मला सांगत होत्या की मांजराने ओरबाडलं. (आमच्याकडे मांजर नाही. हे माझ्या डोक्यात का आलं नाही, विचारू नका.) मी बनियन काढत नाही, म्हणजे मला अंग या प्रकाराचीच किळस आहे, असं तिने धरलं होतं, आणि आपलं काही राहून गेलं असेल तर दिसू नये म्हणून ती दिवा घालवत होती. म्हणजे माझ्यासाठी ती अंधार करत होती आणि तिच्यासाठी मी बनियन घालत होतो, आणि दोघंही मनातून खट्टू. मी विचारलं, मग त्या दिवशी ताईंच्या घरी का हसलीस? ती म्हणाली, हसले, चुकलं माझं. इतकंच. सारवासारव नाही, काही नाही. मला ती त्या क्षणी जितकी आवडली तितकी मांडवातही आवडली नव्हती.

तरी माझी जीभ बघा. तिने विचारलं, मग, पसंत आहे का? आणि मी तीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, उजेडात बघून सांगतो. तिने उशी उचलली, मारली, आणि मग जाऊन पडदा सर्रकन बाजूला केला. दुपारचं ऊन थेट पलंगावर आलं. मी गुडघ्यावर बसलो, भिंत तपासतो तसं बाजूने नजर लावून पाहिलं, पालथा हात फिरवून पाहिला, आणि म्हटलं, पसंत, सगळीकडे हेच चालेल. माझ्या बनियनला तिने स्वतः हात घातला आणि म्हणाली, तुझी मूळची भिंत चांगली होती, विनाकारण खरवडलीस. नंतर तिने मला समजही दिली की ओठावरचं ती काढणार, कारण ते तिला स्वतःला आवडत नाही, आणि पायांचं काढणार नाही, कारण तिला कंटाळा आहे, आणि दोन्हींत माझं मत विचारलेलं नाही. मी मान डोलावली. पुढचं लिहीत नाही, फक्त एवढं सांगतो की पडदा ओढायची आठवण आम्हाला बऱ्याच उशिरा झाली (समोर नुसती पाण्याची टाकी आहे, चिंता नसावी).

तेव्हा साडूसाहेब, कळवायला अभिमान वाटतो की तुमचा धाकटा साडू आता घरात उघड्या अंगाने, छाती काढून फिरतो. दोन चौकोन अजून दिसतात, पण भरत आले आहेत. तुमचा ट्रिमर वाया गेलेला नाही. नव्या रोलरची लव रंगात सुटून भिंतीला चिकटते, ती आधी काढून टाकायला त्याच्यासारखं हत्यार नाही. मामा त्याला जिवापाड जपतात. ताईंना पुन्हा नमस्कार, कमरेला शेक द्या.

आपला,
गालिचाशेठ (आता घरचेही हेच म्हणतात)

ता. क. — आता कारण. पुढच्या महिन्यात दोघी बहिणींनी मिळून तलावाकाठचं ते घर ठरवलं आहे, पोहायच्या हौदासकट, आपल्या चौघांसाठी. मी पाण्यात उघडाच उतरणार. माझ्यावर तुम्हाला जे काय सुचेल ते बोला, ब्रश म्हणा, पायपुसणं म्हणा, मी ओ देईन. पण ही गुडघ्यापर्यंतच्या पोशाखात येणार आहे, आणि पाय जसे आहेत तसे आणणार आहे. तिला ते जमायला फार दिवस लागले. तिच्या पायांकडे बघून कृपा करून एक अक्षर बोलू नका, हसू नका, ताईंनाही तसं बजावा. हात जोडतो. एवढ्यासाठीच इतकी पानं लिहिली.

ता. क. २ — भाऊजी, ही मी, तुमची मेहुणी. पाकीट चिकटवायला घेतलं आणि सगळं वाचलं. याची विनंती रद्द समजा. काय बोलायचं ते खुशाल बोला, मी शांतपणे ऐकून घेईन. मग चष्मा लावून तुमच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघेन, आणि मग मी बोलेन. पोशाख गुडघ्याच्या वर येईल असाच घेतला आहे.