वाडीवरच्या सेवकांसाठी मागणं

आई, तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण जिवंत होतीस तेव्हा तरी तू भांडायला कुठं सापडायचीस? मी तोंड उघडलं की "बरं गं बाई" म्हणून भांडी घासायला बसायचीस. आता तरी ऐक.

भिसेगावातलं आपलं स्वयंपाकघर. करोनाची दुसरी लाट, चर्चला कुलूप, म्हणून बुधवारची प्रार्थना फोनवर चाललीय. फोन पिठाच्या डब्याला टेकवून तू भाकरी थापते आहेस. पाळकसाहेब सांगतात, कोंडाण्याच्या वरच्या वाडीतले आपले सेवक, सुवार्ता सांगायला येऊन राहिलेले ते तमिळ भाऊ आणि त्यांची बायको, दोघंही तापानं फणफणलेत. वाडीवाल्यांनी घाबरून त्यांच्या दारात काट्या टाकल्यात, घोटभर पाणीही कुणी नेऊन देत नाही. मग प्रार्थना करायला मला सांगतात. माझे शब्द चांगले, तेवढीच माझी ख्याती. मी डोळे मिटून म्हणते, "प्रभू, तुझ्या सेवकांजवळ कुणाला तरी पाठव. त्यांना पाणी पाजणारं माणूस पाठव." सगळे आमेन म्हणतात. तूही म्हणतेस.

डोळे उघडले तर तवा उतरवलेला, आणि तू पिशवीत तांदूळ, मीठ, तापाच्या गोळ्या भरत होतीस. दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेली बाई तू, तुला काय सांगायला लागतंय! मी दारात आडवी आले. "आई, साखर आहे तुला. मरशील तिकडं!"

"तूच मागितलंस ना गं आत्ता? मग अडवतेस कशाला?"

"अगं, ते प्रार्थनेत म्हणतात तसं!"

काय नजर होती तुझी! मुस्काटात मारली असतीस तर परवडलं असतं. "तसं म्हंजे कसं? आमेन म्हटलं की ते काम आपल्या अंगावर आलं. बाकीच्यांचं मला ठाव नाय. सर बाजूला."

आणि गेलीस. वर खडकावर चढलं की रेंज यायची, तिथून तुझा फोन. "दोघांनी पेज घेतली गं!" काय तो आनंद, जशी तुझीच पोरं. परत कधी येतेस विचारलं की, "ताप उतरू दे की त्यांचा." त्यांचा उतरला. एक दिवस फोनवर तूच खोकायला लागलीस, आणि मी काय ते समजले. ज्यांनी काट्या टाकल्या त्याच बाप्यांनी तुला डोलीत घालून खाली आणलं. डोलीच्या पुढं ते तमिळ भाऊ, धड उभं राहता येत नव्हतं त्या माणसाला. कर्जतला दवाखान्यात खाट मिळाली नाही. खोपोलीच्या वाटेवर, टेंपोतच तू गेलीस.

पुढच्या बुधवारी पाळकसाहेब फोनवर म्हणाले, सेवक दोघंही सुखरूप आहेत, आपल्या बहिणीची प्रार्थना प्रभूनं ऐकली. बहीण म्हणजे मी. लोक हालेलुया म्हणाले. मी फोन बंद केला आणि तुझ्या उशीत तोंड खुपसून ओरडले.

भाऊंची बायको, ताई, दर नाताळला वालाच्या शेंगा घेऊन येते. "तुझी आई, माझी पण आई," म्हणते तिच्या मोडक्या मराठीत. मी चहा टाकते. बाई इतकी गरीब स्वभावाची की तिचा धड रागही करता येत नाही, हीच तर पंचाईत!

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, खालापूरकडच्या वाड्यांत कावीळ पसरलीय, भाऊ आणि ताई तिकडं निघालेत. प्रार्थनेला पुन्हा मलाच उठवलं. मी पुष्कळ मागितलं. चांगलं पाणी दे, औषध दे, वाटेवर सांभाळ. पुढच्याच बाकावर तुझी नात, माझी लेक, बसली होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तुझ्यासारखीच हट्टी. डोळे मिटून, ओठ हलवत माझा शब्दन्‌शब्द ऐकत होती.

कुणाला तरी पाठव, एवढं मात्र मी मागितलं नाही. हे पाळकसाहेबांना सांगण्यासारखं नाही, आणि तुला धाडायला पत्ता नाही. देव ऐकतो, आई, त्याचीच मला भीती वाटते.